जाड्याची फेरी

२ सप्टेंबर, मंगळवार

काल दुपारी या घरात आलो. परदेशातलं आमचं हे चौथं घर. म्हणजे दुसऱ्यांचं. ते सहलीला जातात, आम्ही त्यांचं घर आणि जनावर सांभाळतो, बदल्यात राहायला मिळतं. पहिल्या घरी पोपट होता, दुसऱ्या घरी दोन मांजरी, तिसऱ्या घरी एक कासव. कासवाने सहा आठवड्यांत तक्रारीला जागा दिली नाही.

इथे कुत्रा आहे. वय दहा, रंग राखाडी, पोट जमिनीला टेकायचं बाकी. खरं नाव माझ्या जिभेला वळत नाही. हिने पहिल्या पाच मिनिटांत त्याचं नाव ‘जाड्या’ ठेवलं आणि तो त्या नावाला शेपूट हलवतो.

मालकीणबाईंनी अकरा पानांची वही ठेवली आहे. गोळी अर्धी, चीजमध्ये लपवून. कचऱ्याचे डबे शनिवारी. फाटकाची कडी उचलून, पुढे ढकलून, मग खाली सोडायची, नाहीतर लागल्यासारखी दिसते पण लागत नाही. लिफ्ट निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षं काढली, पण एवढं नेटकं रजिस्टर एकाही इमारतीत पाहिलं नाही. मालकीणबाईंना तसं इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या. मालक म्हणाले, “आता हिला चार महिने विषय पुरेल.”

गाव मात्र यथातथाच. चढउतार, सतत ओल, बघायला काही नाही. घरं हीच निवडते. विचारलं, हेच का? म्हणाली, “हवा चांगली आहे.”

४ सप्टेंबर, गुरुवार

गुडघ्यामुळे सकाळची छोटी फेरी माझी, संध्याकाळची मोठी फेरी हिची. वहीत लिहिलंय तीस मिनिटं. ही काल पाच वाजता गेली, पावणेसातला आली. आज पाचला गेली, सातला पाच कमी असताना आली.

म्हटलं, “अगं, त्याचे पाय झिजतील.”

“त्याला आवडतं,” म्हणाली.

९ सप्टेंबर, मंगळवार

जाड्या रात्रीचं जेवण अर्धं टाकतोय. त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहिलो, मग माझं वजन वजा केलं. वहीतल्या वजनापेक्षा आठवड्यात सहाशे ग्रॅम वाढलाय. दोन तास चालतो, जेवत नाही, आणि वजन वाढतं. हे गणित मला सुटेना. हिला सांगितलं तर म्हणते, “हवा मानवली त्याला.”

ब्रश करताना त्याच्या मानेच्या केसांत पिवळी क्लिप सापडली. लहान मुलीची असते तशी, प्लास्टिकचं फूल असलेली. रस्त्यात कुठेतरी लोळला असेल. टेबलावर ठेवली होती, संध्याकाळी बघतो तर नाही. हिने फेकली असावी.

१३ सप्टेंबर, शनिवार

ही आजकाल गुणगुणते. लग्नानंतर पहिली काही वर्षं गुणगुणायची, मग बंद झालं होतं. घरं सांभाळण्याची कल्पना तिची, आणि ती तिला मानवली म्हणायची. मी उगाच सहा महिने नाही म्हणत बसलो.

काल तिने केक केला. अर्धा डब्यात घालून शेजारच्या बाईंना दिला म्हणाली. आज शेजारची कुंपणापाशी भेटली, तर मी विचारलं, केक आवडला का? तिला काही कळेना. दोनदा सांगितलं. शेवटी ती म्हणाली की तिला साखर चालत नाही. इथली भाषा मला निम्मीच कळते, त्यामुळे माझंच काही चुकलं असेल. बाई बहुधा विनयाने बोलत असावी.

१५ सप्टेंबर, सोमवार

खटका उडाला. मालक मंडळी अठ्ठावीसला येतात. पुढचं घर ठरलेलं आहे, बसने अडीच तासांवर, एक मांजर. आज ही एकदम म्हणाली, “आपण इथेच कुठेतरी खोली घेऊन राहूया का थोडे दिवस?”

“इथे? आणि मांजरवाल्यांना काय सांगायचं? शब्द दिलाय.”

“तुम्हाला शब्दाचं फार.”

“असायलाच पाहिजे. लोक भरवशावर घर टाकून जातात.”

 यावर ती भांडी घासायला उठली. थोड्या वेळाने आत गेलो तर डोळे पुसत होती. कांदा म्हणाली. भाजीत कांदा नव्हता.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज आईला जाऊन अकरा वर्षं झाली. ही सकाळी लवकर उठून बाहेर बसली होती. आम्ही दोघं त्याबद्दल काही बोललो नाही. कधीच बोलत नाही.

इथे लिहून ठेवतो. ही वही कोणी वाचत नाही.

शेवटच्या दोन वर्षांत आईला आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं होतं. दुपार झाली की ‘माझ्या घरी जाते’ म्हणायची. आम्ही दोघं कामावर, म्हणून त्या महिन्यात दुपारी मुलीवर सोपवलं होतं. बावीसची होती, परीक्षा संपली होती. काम एकच, दार लावून ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं. त्या दिवशी आई निघून गेली, मोठ्या रस्त्यापर्यंत पोचली. पुढचं लिहीत नाही.

मी घरी आलो तेव्हा फोनचा रिसीव्हर लोंबकळत होता. एवढ्यावरून मला सगळं कळलं. मैत्रिणीशी गप्पा मारत बसली असणार. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांसमोर मी तिला म्हणालो, “तुझ्यावर एक दार सोपवलं होतं. एक दार.” तिने मान वर केली नाही, एक शब्द बोलली नाही. मी ते कबुलीच समजलो.

दोन महिन्यांनी ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिथून परदेशात. कुठल्या देशात ते मी विचारलं नाही. ही माझ्यासमोर तिचं नाव काढत नाही.

दाराची कडी तेव्हा सैल होती, हेही खरं. महिनाभर सैल होती. रविवारी बघतो म्हणालो होतो. तरी लक्ष असेल तर सैल कडीनेही काही होत नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. एखाद्या इमारतीच्या मालकाने मला असं सांगितलं असतं तर मी त्याची लिफ्ट तिथल्या तिथे बंद केली असती.

२० सप्टेंबर, शनिवार

आज अक्षर कसंही येईल.

ही जेवण करून दुपारीच बाहेर पडली, केस कापून येते म्हणून. साडेतीनला मी कचऱ्याचे डबे बाहेर नेले. दोन्ही हातांत डबे, येताना फाटक पायाने ढकललं. कडी पडल्याचा आवाज आला, म्हणून मागे वळून बघितलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी जाड्याला हाक मारली. अंगणात नाही, घरात नाही. फाटक वीतभर उघडं.

खालच्या चौकापर्यंत धावलो. माझं धावणं म्हणजे काय, पण धावलो. बसथांब्यावरच्या लोकांना हातवारे करून विचारलं. चौकात वाहनं एका मागोमाग एक जात होती. प्रत्येक गाडीच्या चाकाखाली मला राखाडी काहीतरी दिसत होतं. एकदा खरंच दिसलं, जवळ गेलो तर पोतं होतं. तिथेच फुटपाथवर बसलो. एका पोस्टमनने मला हात धरून उठवलं.

हिला फोन केला. वाटलं होतं ओरडेल. ती म्हणाली, “घाबरू नका. त्याला रस्ता माहीत आहे.” मग घाईने म्हणाली, “म्हणजे कुत्र्यांना माहीत असतो.”

मग मालकीणबाईंना फोन केला. हे सगळ्यांत अवघड होतं. पानं अकरा, आणि त्यातली कडीची ओळ मीच वाखाणलेली. सरळ सांगितलं, फाटक माझ्याकडून उघडं राहिलं, कुत्रा गेला. त्या म्हणाल्या, “अहो, फाटकं राहतात उघडी. माझ्याकडून दोनदा राहिलंय. तुम्ही आधी बसा, पाणी प्या. तुमचा आवाज बरा येत नाहीये.”

मी ओट्याला धरून उभा होतो. शिव्या खायची तयारी केली होती, ती सगळी वाया गेली. 

सहाच्या सुमाराला फाटकाबाहेरून लहान मुलीचा आवाज आला, “जाड्या, हळू ना!”

हे नाव या गावात फक्त आम्हा दोघांना माहीत आहे.

दार उघडलं. चार-पाच वर्षांची मुलगी, तिच्या हातात स्कार्फचं टोक, दुसरं टोक जाड्याच्या गळ्यात. तिच्या मागे आमची मुलगी. कानावरचे केस पांढरे झालेत, अगदी माझ्या आईचे व्हायचे तिथेच. आणि तिच्याही मागे ही, केस न कापलेले.

छोटीने मला खालून वर बघितलं आणि विचारलं, “आजी, ते आजोबा हेच का?”

‘ते’ आजोबा.

 मी म्हणालो, “फाटक माझ्याकडून उघडं राहिलं.” अकरा वर्षांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

“हो,” ती म्हणाली. “दिसलं.”

स्कार्फ सोडून घेतला, मुलीचं बोट धरलं आणि गेली.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी हिच्याशी बोललो. आवाज चढवणार नव्हतो, पण चढला.

“म्हणजे हे सगळं ठरवून? हवा चांगली आहे म्हणे!”

“ठरवूनच.”

“आणि तो पोपट, त्या मांजरी, ते कासव?”

“तुम्हाला सवय व्हावी म्हणून. एकदम इथलं घर धरलं असतं तर तुम्ही नकाशा काढून बसला असतात, का, कशाला, कुठे. आधी लांबची घेतली, मग जवळची.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर आला असतात?”

“नाही.”

“मग झालं.”

मुलीच्या घरी ती रोज जात होती. छोटी जाड्याला बिस्किटं चारते, म्हणून वजन. अकरा वर्षं मी रविवारी बाजारात गेलो की ही फोन लावायची. मी बाजारात किती वेळ असतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. एवढी वर्षं मला वाटायचं की यादी करताना ही उगाच एक-दोन जिन्नस जास्तीचे घालते.

शेवटी शांतपणे म्हणाली, “मी या वेळी मांजरीकडे येणार नाही. तिच्याकडे राहणार आहे. तुम्ही शब्द दिलाय, तुम्ही जा.”

चाळीस वर्षांत तिने मला एकटं कुठे पाठवलेलं नाही. माझे मोजे कुठल्या कप्प्यात आहेत तेही मला ठाऊक नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज संध्याकाळची फेरी मी नेली. हिला म्हटलं, डोकं दुखतंय ना, पड तू. तिचं डोकं दुखत नव्हतं, पण ती लगेच पडली.

पत्ता विचारला नाही. विचारता आला नाही म्हणू. जाड्याची दोरी सैल सोडली आणि मागे चालत राहिलो. तो इस्त्रीच्या दुकानावरून डावीकडे वळला, शाळेच्या रंगवलेल्या भिंतीपाशी पाय वर केला, चढ चढला, आणि एका निळ्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला. मी आपला उभा. पाच मिनिटं कोणी आलं नाही तेव्हा तो एकदाच भुंकला.

मुलीने दार उघडलं. आई असेल असं वाटलं होतं तिला. मला बघून दाराची कड घट्ट धरली.

येताना चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही. म्हणालो, “आपल्या घराची कडी सैल होती. तेव्हा. मला माहीत होतं. रविवारी करतो म्हणालो होतो आणि केली नाही.”

तिने जाड्याकडे बघितलं.

“कडी सैल होती ते मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे की नाही, तेवढंच माहीत नव्हतं.”

मी काहीतरी म्हणायला लागलो. ती म्हणाली, “आत्ता नको. मला तिला पोहण्याच्या क्लासवरून आणायचंय.” तिने दार आपटलं नाही, हळूच लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज नीट ऐकू आला.

परतताना जाड्या येईना. त्याला बिस्किट मिळालं नव्हतं. जवळजवळ उचलूनच आणला.

२८ सप्टेंबर, रविवार

मालक मंडळी आली. जाड्या मालकांच्या अंगावर चढला, पाय चाटले, रडला. आमच्याकडे त्याने नंतर ढुंकूनही पाहिलं नाही. मालकीणबाई मला म्हणाल्या, परत या. मी फाटकाची कडी बदलून नवी बसवलीय, ती त्यांना दाखवली. आता एका हाताने लागते.

ही एक बॅग घेऊन डावीकडे गेली, मी एक बॅग घेऊन बसथांब्याकडे.

५ ऑक्टोबर, रविवार

मांजरीचं घर. मांजर कपाटावर राहते आणि मी खोलीतून गेलो की उतरून खाते. इथली वही दीड पानाची आहे, तीही पेन्सिलीने.

हिचा रोज दुपारी फोन येतो. काय खाल्लं, गुडघा कसा आहे, झालं. मागे छोटीचा आवाज असतो, कधी ताटाचा. एकदा मुलीचा खोकला ऐकू आला. विचारलं, “औषध घेतलं का तिने?” ही म्हणाली, “तुम्हीच विचारा.” फोन कोणी कोणाला दिला नाही.

आज भात दोनदा लागला. काल शर्टाला इस्त्री करताना आरशात बघून स्वतःशीच बोलत होतो. काय बोलत होतो ते लिहीत नाही.

रिपोर्ट लिहिण्याआधी अपघाताच्या वेळी लिफ्टपाशी असलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचं असतं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे किती वेळा सांगितलंय. आणि त्या दिवशी काय झालं, हे मी तिला आजपर्यंत एकदाही विचारलेलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

अकरा वाजता बेल वाजली. मुलगी. एकटीच. हातात माझ्या रक्तदाबाच्या जास्तीच्या गोळ्यांची पिशवी, हिच्या बॅगेत गेली होती ती.

“आईने पाठवलंय. तिला आज तिच्या नातीबरोबर चित्रं रंगवायची आहेत,” ती म्हणाली. गोळ्या द्यायला अडीच तास बस कोणी करत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

चहा केला. ती स्वयंपाकघरात उभीच राहिली, जाकीट न काढता. मी कपात साखर घातली, मग आठवलं की ती घेते की नाही हे मला आता माहीत नाही. तेव्हाच विचारलं, पाठमोराच असताना.

“त्या दिवशी काय झालं होतं?”

 खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

माझी आई झोपेत ओली झाली होती, ती म्हणाली. नुसती ओली नाही. जागी झाल्यावर तिला ते कळलं. बाकी काही कळत नसे, पण ते कळलं. रडायला लागली. म्हणाली, बाळ, तुझ्या बाबाला सांगू नको, तो माझा मुलगा आहे. मुलीने शब्द दिला. तिला अंघोळ घातली, कोरडे कपडे घातले, खुर्चीत बसवलं आणि मी यायच्या आत चादरी धुऊन टाकायला न्हाणीघरात गेली. नळ जोरात सोडला होता. दार वाजलेलं ऐकू आलं नाही.

बाहेर आली तर खुर्ची रिकामी. खालपर्यंत जाऊन आली, दिसली नाही. वर येऊन माझ्या ऑफिसला फोन लावला. ते म्हणाले, साहेब इथल्याच लिफ्टच्या शाफ्टमध्ये आहेत, थांबा, निरोप देतो. ती थांबली. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. मग रिसीव्हर तसाच सोडून पळाली.

“तेव्हा का बोलली नाहीस?” मी विचारलं.

“लोक बसले होते. त्यांच्यासमोर आजीच्या चादरींचं सांगू?”

“नंतर?”

“नंतर तुम्ही विचारलं नाही.”

मी ओट्यापाशी उभा होतो, मग बसलो. मला काहीतरी आठवलं होतं, अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते गिळून टाकता आलं असतं. सांगितलं. त्या दुपारी शाफ्टच्या तोंडाशी कारकून आला होता. ओरडून म्हणाला होता, साहेब, घरून फोन आहे. आणि मी वरून ओरडलो होतो, सांग कामात आहे. पुन्हा तपासणीला लागलो होतो. ते बोलणं माझ्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. त्या लोंबकळत्या रिसीव्हरशी ते मी कधी जोडलंच नाही.

ती तोंडावर हात धरून रडली. मी उठून जवळ गेलो, पण हात कुठे ठेवायचा ते कळेना. खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

“माझं चुकलं,” म्हणालो. “कडीचंही, फोनचंही, आणि जे बोललो तेही.”

“हो,” ती म्हणाली.  मी आणखी काही मागितलं नाही.

चहा तसाच राहिला. तिने तोंड धुतलं. दुपारच्या बसची वेळ झाली होती. विचारलं, थांब्यापर्यंत येऊ? तिने खांदे उडवले, पण दारात थांबली, मी बूट घालेपर्यंत.

रस्ता उताराचा आहे. ती माझ्या चालीने चालली. आम्ही वळणावर असतानाच बस गेली. तिने हात केला, चालकाने पाहिलं नाही.

पुढची चाळीस मिनिटांनी होती. आम्ही बाकावर बसलो.